द्राक्षबागेवर गारांसाठी नेट टाकायची आहे. आहे त्या वाय अँगलवरच सपाट बांधू का?

मळ्याची_सून (दिंडोरी)

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वाघाड धरणाच्या पाटाखाली आमची दोन एकर थॉम्पसन (द्राक्षाची जात) आहे. डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली, नऊ बाय पाच फुटांवर लावलेली, सात वर्षांची बाग. वेलींना आधाराला वाय अँगल, म्हणजे Y आकाराचे लोखंडी खांब. मिस्टर कंपनीत नोकरीला, शनिवार-रविवार येतात. बाकी बाग मी आणि सासरे बघतो. खरड छाटणी (माल निघाल्यावरची, एप्रिलची) होऊन सध्या सबकेनचं (काडीला पोटकाडी काढायचं) काम चालू आहे.

गेल्या हंगामात आमच्यापासून दोन शिवारं सोडून गारा पडल्या. आमच्याकडे नुसता पाऊस. पण मी दुसऱ्या दिवशी तिकडच्या एका बागेत गेले होते. त्या घरच्या काकू ओळीत खाली बसून गळलेले घड पाटीत भरत होत्या. कशाला भरताय विचारलं तर म्हणाल्या, मग काय करू? तेव्हापासून माझ्या डोक्यात नेट बसलीय.

परवा एक जण येऊन गेला. त्याचं म्हणणं असं की वेगळे खांब लागतच नाहीत. आहे त्या वाय अँगलला मधोमध तीन फुटांचा पाईप वेल्ड करायचा, वरून तार ओढायची आणि तारेवर सपाट नेट ताणून बांधायची. "गार पडली की उडून जाईल, ट्रॅम्पोलिनसारखी." चार दिवसांत काम पूर्ण म्हणतो. मोबाईलवर फोटोही दाखवला, दिसायला झकास होता. रंग विचारला तर म्हणे हिरवी घ्या, पन्नास टक्के सावलीची, स्वस्त पडेल.

सासऱ्यांचं म्हणणं वेगळंच. "एवढ्या पैशात दोन वर्षांची औषधं येतात. गारा म्हणजे लॉटरी, कधी शेजाऱ्याला लागते कधी आपल्याला." २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने जे झालं ते त्यांनी पाहिलंय, तरी असं म्हणतात.

वारा आमच्याकडे पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला आडोसा काहीच नाही. जमीन भारी काळी. ज्यांनी नेट टाकून एकदा तरी गारा झेलल्यात त्यांनीच सांगा. टाकायच्या विचारात असलेले माझ्यासारखे खूप आहेत.

---

आप्पा_निफाडकर

ताई, तुम्हाला दाखवलेला फोटो कोरड्या दिवसाचा असणार. कोरड्या दिवशी माझीही नेट झकासच दिसायची.

मी झेलल्यात, म्हणून लिहितो. लांबेल जरा.

निफाड तालुका, सव्वा एकर. २०२१ ला मी अगदी तुमच्या त्या माणसाने सांगितलं तेच केलं. वाय अँगलला पाईप वेल्ड, वर तार, त्यावर सपाट नेट. एक एकरावर टाकली, पूर्वेकडच्या सहा ओळी पैसे संपले म्हणून उघड्या राहिल्या. दोन वर्षं काहीच झालं नाही. पक्ष्यांचा त्रास कमी झाला आणि गावात मी हुशार ठरलो. लोक मोटारसायकल थांबवून विचारायचे.

मग २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. ऑक्टोबर छाटणीपासून प्लॉट ५२ दिवसांचा, सेटिंग (मणी धरणं) होऊन मणी बाजरीएवढे. आदल्या रात्रीपासून हवा जड होती. दुपारनंतर पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, आधी पाऊस, चांगला दणकून. जमीन भिजून लोण्यासारखी झाली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्यानंतर गारा. सुरुवातीला हरभऱ्याएवढ्या. मी आणि धाकटा भाऊ शेडमधून बघत होतो, गारा नेटवर लाह्यांसारख्या उडत होत्या. भाऊ हसून म्हणाला, पैसे वसूल.

पाच मिनिटांनी बोराएवढ्या यायला लागल्या आणि उडायच्या बंद झाल्या. कारण साधं आहे. खाली ताठ नेट असते तोवर गार उडते. खाली गारांचा थर असला की गार गारेवर पडते आणि तिथेच बसते. चार खांबांच्या मधे नेटला पोट सुटायला लागलं. पाळण्यात मोठं पोर घातलं की कशी झोळी खाली येते, तशा पन्नास-साठ झोळ्या एकाच वेळी. पोट ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) टेकलं, मग काड्यांवर. वाय अँगलचे दोन्ही हात वजनाने आत यायला लागले, नमस्कार केल्यासारखे.

आणि तेवढ्यात पश्चिमेचा कोपरा गेला. त्या खांबाला ताण (खांब बाहेर ओढून धरणारी, जमिनीत पुरलेली तार) देताना मी तारेला दगड गुंडाळून अडीच फुटांवर पुरला होता. दोन माणसांना न हलणारा दगड. मुळा उपटावा तसा वर आला. ओल्या काळ्या मातीने त्याला धरलंच नाही. एक कोपरा सुटला की मागच्या सगळ्या तारा ढिल्या, मग एका पाठोपाठ एक चार ओळी बसल्या.

बांबूला विळा बांधला आणि दोघं आत शिरलो. खालून नेटचं पोट फाडायचं, म्हणजे गारा ओळीत मोकळ्या होतील. पहिल्या झोळीपाशी उभा राहिलो तर हात होईना. पैसे मोजून घेतलेली नेट, तिला आपल्याच हाताने विळा लावायचा. भाऊ ओरडला तेव्हा ओढला. घमेलंभर गारा मानेवरून सदऱ्यात गेल्या. अशा किती फाडल्या ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हाही ओळीत पांढरे ढीग होतेच.

आता हिशोब ऐका. बसलेल्या चार ओळी वाया गेल्या. पण नेटखालच्या बाकी ओळींत नव्वद टक्के घड शाबूत होते. आणि उघड्या सहा ओळींत? पान नावाला नाही, घडांचे देठ उभे आणि मणी खाली. काडीची एका बाजूने साल सोललेली, वाऱ्याच्या बाजूने. बुरशी शिरू नये म्हणून त्यांना कॉपरची फवारणी घेत बसलो, त्या वर्षी त्यांतून एक पाटी निघाली नाही. एकाच बागेत, सहा फुटांच्या अंतराने. म्हणून नेट टाकू का असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून हो म्हणतो. तुमच्या सासऱ्यांना या सहा ओळींची गोष्ट सांगा.

म्हणजे नेट फेल गेली नाही. तिच्याखाली उभं केलं होतं ते फेल गेलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात सगळं काढून नव्याने केलं. यावेळी आपल्या जुन्या कौलारू घरासारखं. मधे आढं, दोन्हीकडे उतार, खाली पन्हळ. ओळीच्या बरोबर वर आढ्याची तार, साडेदहा फुटांवर. तिच्यावरून नेट दोन्ही बाजूंना उतरते आणि दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात शेजारच्या नेटला भेटते. ही पन्हळ, आढ्यापेक्षा दीड-दोन फूट खाली. तिथे दोन्ही काठ शिवायचे नाहीत. प्लास्टिकच्या क्लिपांनी ठराविक अंतरावर जोडायचे. गारा घरंगळत पन्हळीत येतात, वजनाने दोन क्लिपांच्या मधली फट उघडते, गारा खाली ट्रॅक्टरच्या वाटेत पडतात, नेट परत वर. म्हणजे गार साठवायचीच नाही, टाकून द्यायची. ओळ नऊ फुटांची असेल तर नेट नऊ फूट रुंद घेऊन चालत नाही, साधारण फूट-दीड फूट जास्त घ्यावी लागते, नाहीतर उतार मिळत नाही आणि परत सपाटच होते.

सपाट का नको याचं गणित मी नंतर वहीत मांडलं, आधी मांडायला हवं होतं. एकर म्हणजे साधारण ४००० चौरस मीटर. त्यावर फक्त दोन सेंटिमीटर गारा साठल्या तर ८० घनमीटर. गारांच्या ढिगात हवा असते, म्हणून घनमीटरला अर्धा टन धरा. ४० टन झाले. आपल्या एक्सपोर्टच्या तीन कंटेनरांचा माल. तो तुमच्या वाय अँगलवर ठेवायचा म्हणतोय तो माणूस. वाय अँगल काड्या आणि घड पेलायला केलाय हो, आभाळ पेलायला नाही.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगतो. नेटमध्ये नाही, मधल्या खांबांतही नाही. बाहेरच्या खांबांत आणि त्यांच्या ताणांत. मधला खांब फक्त उंची देतो. सगळी ओढ शेवटी कडेला येते. कडेचे खांब बाहेरच्या बाजूला कललेले हवेत आणि प्रत्येकाचा ताण काळी माती संपवून खाली मुरमात गेलेला हवा. मी साडेचार फूट खणलं, तिथे मुरूम लागला, त्यात काँक्रीटचा ठोकळा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्या भरवशावर ताण ठेवायचा नाही. आणि गारा सहसा एकट्या येत नाहीत. बहुतेक वेळा आधी पाऊस येतो, तोच जमीन सैल करून ठेवतो.

हिरवी पन्नास टक्क्यांची नेट हे तर अजिबात नको. ती रोपवाटिकेची. खरड छाटणीनंतर आपल्याला काडीत सूक्ष्म घडनिर्मिती हवी असते, तिला उजेड लागतो. निम्मा उजेड अडवला तर ऑक्टोबरला काडी फुटेल पण घड शोधत बसाल. गारांची नेट वेगळी मागायची, एचडीपीई मोनोफिलामेंट (प्लास्टिकच्या एकेरी धाग्याची), उन्हात टिकावी म्हणून यूव्ही केलेली. पांढरी उजेड कमी अडवते, दहा-पंधरा टक्के. काळी वीसच्या पुढे अडवते पण उन्हाला जास्त टिकते. मी पांढरी घेतली.

---

उभारणीवाला_सिन्नर

आप्पांच्या बहुतेक सगळ्याला दुजोरा. मी पॉलिहाऊस, शेडनेट आणि नेटची उभारणीच करतो, त्यामुळे आमच्या धंद्याच्या बाजूने चार शब्द. सगळे उभारणीवाले चोर नसतात, पण चार दिवसांत दोन एकर करून देतो म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, काँक्रीटला पाणी कोण मारणार आणि किती दिवस? ठोकळा भरून दुसऱ्याच दिवशी तार ताणली की तो आतून तडकतो आणि वरून काही कळत नाही. मी पंधरा दिवस सोडतो. गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे.

वेल्डिंगचंही तसंच. जीआय (जस्त चढवलेल्या) पाईपला वेल्ड मारला की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज नेमका जोडावर धरतो. तीन-चार पावसाळ्यांनी जोडच तुटतो. क्लॅम्प आणि नट-बोल्ट वापरा. पाईप फुटावर घेऊ नका, किलोवर घ्या. जाडी दोन मिलिमीटर सांगतात आणि दीड देतात, वजनात लगेच पकडलं जातं.

आणखी एक. खांबाच्या टोकाला कॅप बसवल्याशिवाय नेट चढवू देऊ नका. पाईपची उघडी धार वाऱ्याने घासून घासून नेट कापते. गारांनी नाही फाटत तेवढ्या नेट अशा फाटलेल्या मी शिवल्यात.

अनुदानाचं. फलोत्पादन अभियानात पक्षी आणि गारपीटरोधक जाळीला मी कामं केली तेव्हा चौरस मीटरला ३५ रुपये खर्च धरून त्याच्या ५० टक्के मिळायचे, एका शेतकऱ्याला ५००० चौरस मीटरपर्यंत. एकराला सत्तर हजारांच्या आसपास बसायचे. त्यात आप्पांसारखं पूर्ण स्ट्रक्चर होत नाही, हे स्पष्ट सांगतो. आताचे दर कृषी कार्यालयातून बघून घ्या. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एकही पाईप विकत घेऊ नका. आधी घेतलेल्या बिलाला कोणी विचारत नाही.

---

तासगावकर_पाटील

मी उलट बोलणार, राग मानू नये.

नेटने गार अडते, पाऊस अडत नाही. आमच्याकडे गार दहा वर्षांतून एकदा, अवकाळी पाऊस दरवर्षी. फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी (केवडा रोग), पाणी उतरलेल्या (पिकू लागलेल्या) मालावर झाला की मणी तडकतात. मी अर्ध्या एकराला प्लास्टिक कव्हर केलंय. खाली पान कोरडं राहतं, डाऊनीची फवारणी निम्म्यावर आली. गारही अडते वर. एका दगडात दोन पक्षी. राज्याच्या योजनेत एकरी पावणेपाच लाखांच्या वर खर्च धरून निम्मं अनुदान दिलंय, त्यात बघा. एवढा खर्च करायचाच तर नेटवर कशाला?

---

आप्पा_निफाडकर

पाटील, राग कसला. तुमचं तुमच्या भागापुरतं बरोबर आहे. आणि पैसे असते तर मीही केलं असतं.

पण दोन गोष्टी. वारा नेटमधून निघून जातो, प्लास्टिकमधून जात नाही. ते शीड होतं. ताईंच्या पश्चिमेला आडोसा नाही, वादळी वारा थेट अंगावर. तिथे प्लास्टिक लावायचं तर माझ्यापेक्षा दुप्पट मजबूत ताण लागतील, आणि वाऱ्याच्या दिवशी सगळ्यात आधी तेच उडेल. दुसरं, भुरी रोगासाठी आपण गंधक मारतो. गंधकाने प्लास्टिकचं यूव्ही लवकर मरतं. विकणाऱ्याने दिलेल्या गॅरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा एकदा. नेटलाही थोडं लागतंच ते, पण तिच्यावर फवारा थेट बसत नाही एवढा.

डाऊनीचा मुद्दा मात्र मान्य. नेटखाली पान उलट थोडं उशिरा वाळतं. मी पहिल्या वर्षी ते धरलं नाही आणि एक फवारणी चुकली. आता कॅनॉपी (पानांचा पसारा) जरा मोकळी ठेवतो.

---

सोलापूरचा_पाहुणा

बागायतदार नाही मी, वडिलांची डाळिंब आहेत सांगोल्याकडे. नोकरीने सध्या शिमल्याकडे असतो. इथे डोंगरच्या डोंगर जाळीखाली आहेत, सफरचंदाचे. कोटगढकडे एप्रिल-मे मध्ये गेलात तर उतारावर पांढरे-हिरवे तुकडे शिवल्यासारखे दिसतात. इथलं सरकार जाळीला ८० टक्के अनुदान देत आलंय, त्यामुळे अगदी लहान बागेवरही असते.

बघून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे इथले लोक जाळी वर्षभर ठेवत नाहीत. हिवाळ्याआधी गुंडाळतात, नाहीतर बर्फाच्या वजनाने झाडासकट खाली. आप्पांनी गारांचं जे सांगितलं तेच, फक्त सावकाश. दुसरं, फुलं असताना काही जण जाळी उघडी ठेवतात, मधमाश्या आत याव्यात म्हणून. द्राक्षाला ती काळजी नाही, त्याचं परागण त्याच्यातच होतं. पण डाळिंबवाल्यांनी हे वाचत असाल तर ध्यानात ठेवा. वडिलांना मी तेच सांगितलंय, तर ते म्हणाले आधी तेल्या रोग जाऊ दे, मग जाळीचं बघू.

गरीब बागांत अजून बांबूच आहेत. एका बागेत प्रत्येक बांबूच्या टोकावर पाण्याची रिकामी बाटली पालथी घातलेली पाहिली. सिन्नरवाल्या दादांची कॅप म्हणजे हीच.

---

विमावाला_नाही_शेतकरी

एक छोटं. नेट टाकली म्हणून विमा सोडू नका. हवामानावर आधारित फळपीक विम्यात गारपिटीचं कवच वेगळं निवडावं लागतं, त्याचा हप्ताही वेगळा. बरेच जण फॉर्म भरताना तो रकाना तसाच सोडतात आणि नंतर भांडतात. गार पडली की ७२ तासांच्या आत कळवायचं, फोटोसकट. आधी फोटो, मग साफसफाई. मी आधी बाग झाडून घेतली होती.

---

मळ्याची_सून (दिंडोरी)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल रात्री जेवणानंतर आप्पांचं पूर्ण सासऱ्यांना वाचून दाखवलं. विळ्यापर्यंत ते गप्प होते. सहा ओळींचं ऐकल्यावर म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाले, "त्या माणसाला फोन करून नाही म्हण." बस, एवढंच. लॉटरीचं नाव नाही काढलं.

आता ठरवलंय ते असं. दोन एकर एकदम नको, पश्चिमेकडचा एक एकर आधी. वेगळे खांब, आढं-पन्हळ पद्धतीने, पांढरी नेट. अर्ज आज केला, पूर्वसंमतीची वाट बघणार. फक्त दोन शंका राहिल्यात. आमचा फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर छोटा आहे पण वर छत लावलंय, पन्हळ किती उंच ठेवू? आणि खरड छाटणीनंतर नेट गुंडाळायची का तशीच ठेवायची?

---

आप्पा_निफाडकर

ताई, ट्रॅक्टरवर माणूस बसवून, छतासकट, ओळीत उभा करा आणि बांबूने मोजा. त्यावर एक फूट. गारा पन्हळीत उतरल्या की नेट खाली येते, तेव्हा तो फूट कामाला येतो. माझी पन्हळ पावणेनऊ फुटांवर आहे. तुम्हाला साडेआठच्या खाली नको.

गुंडाळायचं म्हणाल तर मी माल निघाल्यावर पन्हळीच्या क्लिपा काढतो आणि दोन्ही बाजू वर आढ्याच्या तारेला गुंडाळून बांधतो. चार माणसांचं दोन दिवसांचं काम. काढून घरात आणत नाही. पहिल्या वर्षी आणली होती, शेडमध्ये उंदरांनी तिच्यात बाळंतपण केलं. तारेवरच राहू द्या. परत सोडायची ती ऑक्टोबर छाटणी झाली की लगेच, फुटवे यायच्या आधी. नंतर सोडायला गेलात तर कोवळे शेंडे मोडतात.

आणि सोडल्यावर पहिल्या जोराच्या वाऱ्याच्या दिवशी खाली उभं राहून नुसतं ऐका. नेट फडफडत असेल तर ढिली आहे. नीट ताणलेली नेट गुणगुणते.

---

मळ्याची_सून (दिंडोरी)

पूर्वसंमती अजून यायचीय, पण नुसते खड्डे खणून बघायला हरकत नाही असं सिन्नरच्या दादांनी फोनवर सांगितलं, म्हणजे मुरूम कुठे लागतो ते कळेल. सासऱ्यांनी स्वतः दोरी धरून चुना टाकला. पश्चिमेचा कोपरा त्यांनी तीनदा मोजला, मला हात लावू दिला नाही.

तीन कोपऱ्यांना चार फुटांच्या आसपास मुरूम लागला. चौथ्यात, नेमक्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, सहा फूट गेलो तरी काळीच आहे. सासरे म्हणतात तिथे पूर्वी ओहोळ होता, त्यांच्या वडिलांनी बुजवला. आता काय करू?

---

आप्पा_निफाडकर

आणखी खणू नका, ओहोळ असेल तर दहा फुटांवरही तेच लागेल. खांब आहे तिथेच राहू द्या, ताणाची जागा बदला. त्या कोपऱ्याला एका ताणाऐवजी दोन द्या. एक ओळीच्या रेषेत बाहेर, दुसरा बांधाच्या बाजूने आडवा. दोन्ही ओहोळाच्या बाहेर पडतील एवढे लांब, तार थोडी जास्त लागेल तर लागू दे. तिथे खड्डा घेऊन मुरूम बघा आणि ठोकळा बाकीच्यांपेक्षा दुप्पट भरा.

ओहोळ कुठून कुठे जायचा ते सासऱ्यांना आजच चालत चालत दाखवायला लावा, आणि त्या रेषेवर चुना टाकून ठेवा. मधले खांबही त्याच रेषेवर येत असतील.

---

मळ्याची_सून (दिंडोरी)

दाखवला. दोन मधले खांब येतात त्यावर. ते ओहोळाच्या रेषेबाहेर सरकवून घेतेय.